विश्लेषण : मीटरमधला शुगरचा आकडा डॉक्टरांपर्यंत पोहोचतो का?

मंगळवेढा ते सोलापूर हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक. मधुमेहासाठी तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे ठरवले, तर तालुक्यातल्या खेड्यातून निघणाऱ्याचा येण्या-जाण्यात अख्खा दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे जाते आणि डॉक्टरांसमोर बसायला मिळतात जेमतेम पाच-दहा मिनिटे. ‘शुगर कशी आहे?’ या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘बरी आहे, परवा दीडशे होती.’ हे दीडशे उपाशीपोटीचे होते की जेवणानंतरचे, गोळी घेण्याआधीचे की नंतरचे, हे सांगता येत नाही. आणि ज्यात ते लिहिलेले असते ते मीटर घरी कपाटात असते.

आयसीएमआरच्या ‘इंडिआब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ग्लुकोमीटर आता खेड्यातही नवा राहिलेला नाही. काहींच्या दंडावर सेन्सर आणि फोनमध्ये अ‍ॅपही आले आहे. मोजणे सोपे झाले. पण मोजलेले योग्य माणसापर्यंत, योग्य रीतीने पोहोचवणे मात्र मागे राहिले. उपचाराचा फायदा नेमका तिथेच अडतो.

नुसते मोजून साखर आटोक्यात येते का?

या प्रश्नावर दोन अमेरिकी अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दोन्ही इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांवर झाले. पहिला ‘मॉनिटर’ नावाचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. नॉर्थ कॅरोलिनातील १५ दवाखान्यांतील ४५० रुग्णांचे त्यात तीन गट केले होते. एका गटाने घरी साखर मोजलीच नाही, दुसऱ्याने रोज एकदा मोजली आणि तिसऱ्याने रोज मोजून शिवाय मीटरवर आपोआप येणारे सल्ल्याचे संदेशही वाचले. वर्षाअखेरीस तिन्ही गटांच्या एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत लक्षणीय फरक आढळला नाही.

दुसरा अभ्यास ‘स्टेप’, २०११ मधला. ३४ दवाखाने, ४८३ रुग्ण. मीटर आणि स्ट्रिप दोन्ही गटांना मोफत होत्या. फरक एवढाच की एका गटाने तिमाही भेटीआधी सलग तीन दिवस, दिवसातून सात ठरलेल्या वेळी साखर मोजली, एका कागदावर मांडली आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला. तो वाचायचा कसा हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही शिकवले होते. पहिल्याच महिन्यात या गटातील सुमारे ७५ टक्के रुग्णांच्या उपचारात डॉक्टरांनी बदल सुचवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २८ टक्के होते. वर्षभरात एचबीए१सी पहिल्या गटात १.२ अंकांनी आणि दुसऱ्यात ०.९ अंकांनी उतरले.

या दोन अभ्यासांतून निघणारा अर्थ साधा आहे. आकडा औषध नव्हे. तो पाहून गोळी, इन्सुलिन किंवा जेवण बदलण्याचा निर्णय घेणारा माणूस मध्ये आला, तरच त्याचा उपयोग होतो.

एचबीए१सी असताना रोजच्या नोंदी कशाला?

कारण ती सरासरी आहे. दिवसा २५० आणि पहाटे ६० असणाऱ्याची सरासरी चांगली दिसू शकते, पण धोका त्या ६० मध्ये असतो. शिवाय रक्तक्षय असल्यास एचबीए१सी फसवू शकते. लोह कमी असेल तर ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, तर काही रक्तविकारांत कमी दिसते.

समजा, साठीतल्या एका शेतकऱ्याची सकाळची उपाशीपोटीची साखर सतत १९० येते. फक्त हाच आकडा पाहिला तर रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन वाढवावेसे वाटेल. पण साखर रात्री उशिरा जेवल्याने चढली असेल, पहाटे शरीरातली संप्रेरके वाढल्याने चढली असेल किंवा रात्रीचे औषध पहाटेपर्यंत पुरले नसेल. प्रत्येक कारणावरचा उपाय निराळा. झोपतानाची, पहाटे तीनची आणि सकाळची अशा तीन नोंदी दोन-तीन दिवस मिळाल्या तर डॉक्टरांना अंदाज बांधता येतो. पहाटे तीनला साखर आधीच कमी असताना रात्रीचा डोस वाढवला गेला, तर तो जिवावर बेतू शकतो.

हीच गोष्ट जेवणाची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ असा समज या भागात पक्का आहे. ज्वारीत तंतुमय पदार्थ चांगले असतात हे खरे. पण तिच्यातही पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. एक भाकरी आणि तीन भाकरी यांचा परिणाम सारखा होत नाही. कुणाला किती चालते, हे जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजले की कळते. अशी जोडीची नोंद आहाराबद्दलच्या दहा सल्ल्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

घरी साधे मीटर असेल तर काय करावे?

बहुतेक घरांत साधेच मीटर असते आणि त्यावरही काम होते. मात्र सुरुवातीला चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, मीटरमधील तारीख आणि वेळ. सेल बदलल्यावर ती अनेकदा चुकते आणि मग सकाळची नोंद रात्रीची दिसते. शेकडो नोंदी साठवणाऱ्या मीटरचा या एका चुकीने काही उपयोग उरत नाही.

दुसरी, मीटर कुणाचे? आई, वडील आणि शेजारचे काका एकाच मीटरवर तपासत असतील, तर त्यातील नोंदी सरमिसळ होतात आणि पडद्यावर दिसणारी सरासरी कुणाचीच नसते. अशा घरात वही प्रत्येकाची वेगळी हवी. बोट टोचायची सुई तर कुणाशीही वाटून घेऊ नये. तिच्यातून हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग पसरू शकतो.

तिसरी, हात आणि ऊन. गूळ, ऊस किंवा फळ हाताळून न धुतलेल्या बोटावर साखर खोटी वाढलेली दिसते. हात पाण्याने धुऊन, कोरडे करून मगच टोचावे. स्ट्रिप साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवलेली, झाकण उघडे राहिलेली डबी चुकीचे आकडे देऊ शकते.

चौथी, एकक. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून नातेवाइकांनी आणलेले मीटर ‘मिलिमोल’मध्ये आकडा दाखवते. त्या आकड्याला १८ ने गुणले की आपल्याकडचा मिलिग्रॅममधला आकडा मिळतो. तिथले ८.३ म्हणजे आपले सुमारे १५०.

मीटरच्या अचूकतेलाही मर्यादा आहे. आयएसओच्या २०१३ च्या निकषानुसार १०० आणि त्यापुढच्या साखरेला ९५ टक्के नोंदी प्रयोगशाळेच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असल्या तरी चालतात. त्यामुळे काल १४८ आणि आज १५६ आली म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. पाहायचा असतो तो कल.

भेटीपूर्वी सलग तीन दिवस सात वेळा मोजायचे, तर २१ स्ट्रिप लागतात. सकाळी उपाशीपोटी, न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर, शेवटी झोपताना. एवढा खर्च परवडत नसेल तर पाळीपाळीने मोजावे. आज न्याहारीच्या आधी-नंतर, उद्या दुपारच्या, परवा रात्रीच्या जेवणाच्या. आठवड्यात १४ स्ट्रिपमध्ये पुरेसे चित्र उभे राहते. किती वेळा मोजायचे हे औषधांवर अवलंबून असल्याने ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इन्सुलिन घेणाऱ्याला जास्त वेळा मोजावे लागते.

आकड्याशेजारी काय लिहावे?

डॉक्टरांना आकड्याइतकीच त्यामागची हकीकत हवी असते. वहीत पाच रकाने पुरतात : तारीख-वेळ, साखर, काय खाल्ले, कोणते औषध किती वाजता घेतले आणि काही वेगळे घडले का. या शेवटच्या रकान्यात सर्वाधिक माहिती दडलेली असते.

मंगळवेढा आणि पंढरपूर परिसरात महिन्याच्या दोन एकादश्या अनेक घरांत पाळल्या जातात. त्या दिवशी सकाळी काही न खाता नेहमीची गोळी घेतली तर साखर घसरू शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांत आणि इन्सुलिनमध्ये हा धोका विशेष असतो. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तीच साखर उसळते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ‘एकादशी’ एवढा एक शब्द नोंदीशेजारी नसेल, तर डॉक्टरांना हा चढउतार औषधाचा दोष वाटेल. ज्वारी काढणीच्या दिवसांतले कष्ट, लग्नातले जेवण, ताप, रात्रीचा प्रवास, सांधेदुखीसाठी घेतलेली स्टिरॉइडची गोळी, चुकलेला डोस यांचेही तसेच. चुकलेला डोस लपवला तर डॉक्टर औषध वाढवतात. मग ते वाढीव औषध नियमित घेतले की साखर एकदम खाली जाते. त्यामुळे वहीतला प्रामाणिकपणा रुग्णाच्याच फायद्याचा असतो.

सेन्सर आणि अ‍ॅप असेल तर?

दंडावर चिकटवायचा सेन्सर त्वचेखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी नोंदवतो. सध्या वापरात असलेले काही सेन्सर १४ दिवस चालतात आणि एकाला काही हजार रुपये लागतात. त्यामुळे सगळ्यांना तो सतत लावणे शक्य नाही. पण औषध बदलताना किंवा साखर वारंवार घसरत असताना दोन आठवडे लावूनही बरेच कळते. अशा सेन्सरचा एक प्रकार रुग्णाला आकडे दाखवत नाही. १४ दिवसांनी दवाखान्यातल्या यंत्रावर तो वाचला जातो.

अ‍ॅपवर चालणाऱ्या सेन्सरची माहिती कंपनीच्या क्लाउडवर जाते. उदाहरणार्थ, ‘लिब्रे’ सेन्सरची माहिती ‘लिब्रेव्ह्यू’वर साठते. दवाखान्याने तिथे नोंदणी केली असेल, तर त्याचा क्रमांक रुग्णाने अ‍ॅपमध्ये टाकल्यावर डॉक्टरांना ती पाहता येते. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलालाही गावाकडच्या आईचे आकडे दिसण्याची सोय अशा अ‍ॅपमध्ये असते. दवाखाना जोडलेला नसेल, तर अहवाल पीडीएफ करून पाठवता येतो.

अहवालात हजारो आकडे असले तरी पाहायच्या गोष्टी मोजक्या. साखर ७० ते १८० च्या दरम्यान किती वेळ राहिली, याला ‘टाइम इन रेंज’ म्हणतात. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांसाठी हा वेळ ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे दिवसाचे सुमारे १७ तास असावा. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी वेळ जावा. वृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या रुग्णांसाठी उद्दिष्ट सैल आहे : मर्यादेत निम्म्याहून अधिक वेळ पुरे, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी. त्यांच्यासाठी साखर थोडी चढण्यापेक्षा घसरणे जास्त घातक असते. निष्कर्ष काढण्यासाठी १४ दिवसांपैकी किमान ७० टक्के वेळेची नोंद हवी.

सेन्सरचा आकडा रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. झोपेत त्याच दंडावर भार आला तर तो खोटी घसरणही दाखवतो. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करावी. फोनमधला इशारा चालू आहे का, हेही पाहावे. फोन अपडेट झाल्यावर किंवा सेटिंग बदलल्यावर इशारे बंद पडू शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिली होती. त्वचेला न टोचता साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशाराही याच संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असे आकडे डॉक्टरांना पाठवणे म्हणजे चुकीच्या उपचाराला निमंत्रण.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर चालतो का?

चालतो, पण नियम ठरवून. केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडीओ किंवा चॅटवरून सल्ला देऊ शकतात. त्याची नोंद ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र दूरसल्ला प्रथमोपचारापुरताच. रुग्णाला प्रत्यक्ष उपचार मिळालेच पाहिजेत.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. आकडा पाठवला म्हणजे डॉक्टरांनी पाहिला, असे नसते. क्लाउडवर गेलेल्या नोंदींवर चोवीस तास कुणी नजर ठेवून बसलेले नसते. म्हणून पहिल्याच भेटीत काही गोष्टी विचारून घ्याव्यात. नोंदी कोणत्या दिवशी पाठवायच्या? त्या कोण पाहणार, डॉक्टर की त्यांचे सहकारी? उत्तर किती दिवसांत अपेक्षित धरायचे? त्याचे शुल्क आहे का? कोणत्या आकड्याला थेट फोन करायचा? रोज एक सुटा फोटो पाठवण्यापेक्षा आठवड्याच्या वहीच्या पानाचा एकच स्पष्ट फोटो, त्यावर नाव आणि चालू औषधे लिहून पाठवणे दोघांच्याही सोयीचे.

काही प्रसंगी मेसेजच्या उत्तराची वाट पाहायची नसते. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, कासाविशी सुरू झाली, तर आधी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळवलेली साधारण तीन छोटे चमचे साखर घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. साखर अजूनही कमी असेल तर हेच पुन्हा करावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. साखर सतत ३०० च्या वर असून उलट्या, धाप किंवा पोटदुखी असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

ही माहिती सुरक्षित राहते का?

साखरेच्या नोंदीवरून आजार कळतो, औषधे कळतात, झोपण्या-जेवण्याच्या वेळाही कळतात. त्यामुळे अ‍ॅपला परवानगी देताना माहिती कुणाकुणाला जाते हे पाहावे. ज्यांना आकडे दिसतात त्यांची यादी अधूनमधून तपासावी आणि डॉक्टर बदलल्यावर जुनी जोडणी काढावी. फोन विकताना अ‍ॅपमधून लॉगआउट करावे. कुटुंबाच्या किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अहवाल टाकू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती मागे घेता येणे, हे त्याचे महत्त्वाचे तत्त्व.

सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकामागेही हेच तत्त्व आहे. कोणता अहवाल कोणत्या डॉक्टरांना किती काळ दिसावा, हे रुग्णाने ठरवायचे असते. आभा क्रमांक काढला म्हणजे मीटरमधले आकडे आपोआप तिथे जातात, असे मात्र नाही.

व्यवस्थेने काय करायला हवे?

१७ मे २०२३ रोजी केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तपासणीची मोहीमही चालू आहे. तपासणीत रुग्ण सापडतो, गोळ्या सुरू होतात. पण पुढच्या महिन्यात त्याच्या घरच्या नोंदी कुणी पाहायच्या, याला वेळ आणि माणूस दिलेला नसेल, तर तपासणीचा आकडा वाढूनही रुग्ण आहे तिथेच राहील.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. ‘स्टेप’मधले साधन म्हणजे एक कागदच होता. आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय असते. तिथे आठवड्यातला एक ठरलेला दिवस ‘शुगरच्या वही’चा ठेवता येईल. मराठीत छापलेली पाच रकान्यांची वही गोळ्यांसोबत देता येईल. इन्सुलिन घेणाऱ्या गरीब रुग्णाला गोळ्यांप्रमाणेच महिन्याला ठरावीक स्ट्रिप मोफत मिळायला हव्यात; मोजायलाच पैसे नसतील तर दाखवायचे काय? खासगी दवाखान्यांनीही नोंदी पाहणे हे ‘मधल्यामध्ये’ उरकायचे काम न मानता त्याची वेळ आणि वाजवी शुल्क उघडपणे ठरवावे. मेसेजला उत्तर मिळेनासे झाले की लोक नोंदी ठेवणेही थांबवतात.

रुग्णाने करायची तयारी लहान आहे. पुढच्या भेटीला निघताना पिशवीत मीटर, वही आणि चालू औषधांची पाकिटे ठेवावीत आणि बसल्याबरोबर वही आधी टेबलावर ठेवावी. पन्नास किलोमीटरच्या प्रवासानंतर मिळणारी ती पाच-दहा मिनिटे मग आठवून सांगण्यात न जाता उपचार ठरवण्यासाठी वापरता येतील.